गृहकर्जाचा एजंट कसा निवडावा: पुणे परिसरातल्या घर घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या तालुक्यांत घर बघायला सुरुवात केली की बँकेत जाण्याआधीच दोन-तीन कर्ज एजंटांचे नंबर फोनमध्ये जमा होतात. एक बिल्डरच्या साइट ऑफिसातून मिळतो, एक ऑफिसातल्या मित्राकडून, आणि एखादा एजंट स्वतःच फोन करतो. वीस वर्षांच्या देण्याचे कागद ज्याच्या हाती द्यायचे, तो माणूस पारखून घ्यायला हवा. इथली उत्तरं प्रामुख्याने पुणे परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांबद्दलचा भाग सगळीकडे सारखाच लागू आहे.

गृहकर्जाचा एजंट म्हणजे नेमका कोण?

बाजारात तीन प्रकारची माणसं भेटतात. पहिला डीएसए, म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. त्याचा बँकेशी किंवा गृहवित्त कंपनीशी लेखी करार असतो आणि त्याला त्या संस्थेचा कोड मिळालेला असतो. मोठ्या डीएसएकडे दहा-पंधरा संस्थांचे कोड असू शकतात. दुसरा कनेक्टर. तो ग्राहक आणून देतो, पुढचं काम डीएसए किंवा बँकेचा माणूस करतो. तिसरा एकाच बँकेसाठी काम करणारा, जसे स्टेट बँकेचे होम लोन कौन्सेलर. भेटायला आलेला माणूस यांपैकी कोण आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारून घ्या. कनेक्टर असेल तर फाइल पुढे कुणाच्या हातात जाणार, त्याचं नाव आणि नंबर आधीच मागा.

त्याला सरकारी परवाना लागतो का?

नाही. घरं विकणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाची, नोंदणी लागते, प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते. विमा विकणाऱ्या एजंटलाही परीक्षा द्यावी लागते. गृहकर्जाच्या एजंटला मात्र अशी कुठलीही सरकारी परीक्षा नाही. आज व्हिजिटिंग कार्ड छापलं की उद्या ‘लोन कन्सल्टंट’ होता येतं.

तरी रान मोकळं नाही. बाहेरच्या लोकांकडून काम करून घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेची २००६ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार डीएसएच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच राहते, आणि कर्ज मंजूर करायचं की नाही हा निर्णय बँकेला बाहेरच्या माणसावर सोपवता येत नाही. त्यामुळे ‘मॅनेजर आपलाच आहे, सँक्शन माझ्या हातात आहे’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. खोटं बोलण्यापासूनच तो सुरुवात करतो आहे.

डीएसएचा कोड आणि बँकेचं अधिकारपत्र दाखवायला सांगा. मग शाखेत फोन करून किंवा स्वतः जाऊन खात्री करा. बऱ्याच बँका आपल्या संकेतस्थळावरही डीएसएंची यादी देतात.

त्याचे पैसे कोण देतं? मी काही द्यायचं का?

बाकी सगळ्या प्रश्नांची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एजंटला पैसे देते कर्ज देणारी संस्था. त्या रकमेला धंद्यात ‘पेआउट’ म्हणतात. गृहकर्जात हा पेआउट साधारणपणे वाटप झालेल्या रकमेच्या एक टक्क्याच्या आत असतो, आणि प्रत्येक संस्थेचा दर वेगळा असतो. ५० लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का धरला तर २५,००० रुपये होतात. हे कमावणं गैर नाही. चांगला एजंट त्यासाठी महिनाभर धावपळ करतो, वकिलाच्या मागे लागतो, व्हॅल्युअरला साइटवर घेऊन जातो.

पण त्याचा फायदा आणि तुमचा फायदा एकाच दिशेला असेलच असं नाही. कर्ज जितकं मोठं तितका त्याचा पेआउट मोठा. ज्या संस्थेचा पेआउट जास्त, तिकडे फाइल वळवण्याचा मोह त्याला होणारच. आता तुमच्या बाजूने बघा. ५० लाख, २० वर्षं, व्याज ८.५० टक्के असेल तर हप्ता साधारण ४३,३९१ रुपये येतो. ८.७५ टक्के झालं की ४४,१८६. महिन्याला फरक ७९५ रुपयांचा, पण दर तसाच राहिला तर २० वर्षांत १ लाख ९० हजारांच्या वर जातो. एजंटने आपल्या चार-पाच हजारांच्या जादा पेआउटसाठी पाव टक्का महाग संस्था सुचवली, तर तुमच्या खिशातून किती जातात बघा.

म्हणून सरळ विचारा: ‘दादा, या तीन बँकांमध्ये तुम्हाला कुठे किती मिळतात?’ प्रामाणिक माणूस अवघडेल, पण सांगेल. निदान कुठे जास्त आणि कुठे कमी एवढं तरी सांगेल.

तुम्ही स्वतः त्याला काही द्यायची गरज साधारणपणे नसते. गुंतागुंतीच्या फाइलसाठी काही सल्लागार वेगळी फी घेतात. ती द्यायची ठरवलीत तर आधी रक्कम लिहून घ्या आणि पैसे दिल्यावर पावती घ्या. सँक्शनच्या आधी ‘फाइल चार्ज’ म्हणून कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर रुपयाही पाठवू नका. प्रोसेसिंग फीचा चेक बँकेच्या किंवा गृहवित्त कंपनीच्याच नावाने, अकाउंट पेयी. या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही हिशोबात धरा.

मला एजंट लागतोच का?

नोकरी पक्की आहे, पगार खात्यात जमा होतो, सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारा गुण) चांगला आहे आणि फ्लॅट महारेरा नोंदणी असलेल्या, बँकांनी आधीच मंजूर केलेल्या प्रकल्पात आहे? मग लागत नाही. पगाराचं खातं असलेल्या बँकेत जा, आणखी दोन ठिकाणी चौकशी करा, काम होऊन जाईल.

एजंट उपयोगी पडतो तो वेगळ्या ठिकाणी. धंदा किंवा फ्रीलान्स काम असलेल्यांचं उत्पन्न प्रत्येक बँक वेगळ्या पद्धतीने मोजते. जुन्या रीसेल फ्लॅटच्या करारांच्या साखळीतला एखादा कागद हरवलेला असतो. स्वतःच्या प्लॉटवर बांधकाम करायचं असतं. आणि सगळ्यात मोठी अडचण येते ती मालमत्ता गावठाणात, गुंठेवारीत (शेतजमिनीचे परवानगीविना पाडलेले लहान प्लॉट) किंवा ग्रामपंचायत हद्दीत असते तेव्हा.

मग एजंटची पारख कशावरून करायची?

माझं ठाम मत आहे: व्याजदरावरून नाही. दर आज कुणालाही घरबसल्या कळतात. स्थानिक एजंटची खरी किंमत ठरते ती स्थानिक मालमत्तेच्या कागदांची त्याला किती जाण आहे यावरून.

पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. या गावांमध्ये एकाच रस्त्यावर तीन तऱ्हेच्या इमारती दिसतात: एक ग्रामपंचायतीच्या परवानगीने उभी राहिलेली, एक पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) मंजुरीची, आणि एक कुठलीच मंजुरी नसलेली. बाहेरून तिन्ही सारख्याच चकचकीत. कर्जाच्या दृष्टीने मात्र तीन वेगळी जगं. काही बँका ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर फाइल घेतच नाहीत, काही गृहवित्त कंपन्या घेतात पण दर चढा लावतात. गुंठेवारीचा प्लॉट नियमित झालेला नसेल तर बहुतेक ठिकाणी दार बंदच. राज्याच्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं नियमित करून घेण्याची वाट मोकळी झाली. तुमच्या प्लॉटचं ते झालं आहे का, आणि झालं असेल तर आदेशाची प्रत कुठे आहे, हे ज्या एजंटला लगेच विचारावंसं वाटतं, तो कामाचा माणूस.

पहिल्या भेटीत मालमत्तेचे कागद समोर ठेवा आणि गप्प बसा. तो आधी काय बघतो ते पाहा. सातबारा आणि फेरफार चाळतो का? एन. ए. (बिगरशेती) आदेश मागतो का? सिटी सर्व्हे हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक विचारतो का? कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) किती मजल्यांचं आहे आणि इमारत प्रत्यक्षात किती मजल्यांची उभी आहे, हे ताडून बघतो का? भोगवटा प्रमाणपत्र आलं आहे की नाही? रीसेल असेल तर आधीच्या सगळ्या खरेदीचे करार, इंडेक्स दोन (दस्त नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे का? विक्रेत्याचं जुनं कर्ज शिल्लक असेल तर ते फेडून कागद कसे सोडवणार?

यातलं काहीही न विचारता जो ‘पगार किती? सिबिल किती? झालं तुमचं काम’ म्हणतो, तो फॉर्म भरणारा आहे. फाइल अडकली की त्याचा फोन लागणं बंद होतं.

असा माणूस शोधायचा कुठे?

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे ती इमारत. जिथे घर घेताय तिथे गेल्या वर्ष-दोन वर्षांत कर्ज घेऊन राहायला आलेल्या कुटुंबांना विचारा: कुठल्या बँकेने दिलं, कुणामार्फत, किती दिवस लागले, शेवटी कबूल केल्यापेक्षा जास्त काय भरावं लागलं? एका इमारतीचं लीगल, म्हणजे कागदांची कायदेशीर तपासणी, एका बँकेत पास झालेलं असेल तर तिथे तुमचं काम निम्म्याने सोपं होतं.

दुसरं ठिकाण, दुय्यम निबंधक कार्यालयात रोज दस्त करणारे वकील. कुणाच्या फाइली सुरळीत होतात आणि कुणाच्या रखडतात हे ते रोज पाहतात. तुमचे सीए असतील तर त्यांनाही विचारा.

बिल्डरच्या टेबलावर बसलेला एजंट वाईटच असतो असं नाही. नव्या प्रकल्पात त्याला कागद तोंडपाठ असतात आणि काम झटपट होतं. पण त्याची पहिली बांधिलकी बिल्डरशी असते, तुमच्याशी नाही. ‘आमच्याकडे हीच बँक चालते’ असं कुणी म्हटलं तर कर्ज कुठून घ्यायचं हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, हे शांतपणे सांगा. सातारा, अहिल्यानगर, सोलापूरसारख्या ठिकाणी पर्याय कमी असतात. तिथे जिल्ह्यातल्या सहकारी बँकेत आणि बँक ऑफ महाराष्ट्रच्या शाखेत स्वतः एक चक्कर मारल्याशिवाय एजंटला होकार देऊ नका.

‘सगळ्यात कमी व्याज मीच मिळवून देतो’ यात तथ्य किती?

थोडं. प्रोसेसिंग फीमध्ये सूट, सणाच्या काळातली ऑफर, एखाद-दुसऱ्या दशांशाची घासाघीस, इतकं चांगला एजंट करून देऊ शकतो. मूळ दर त्याच्या हातात नसतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं बाहेरच्या मानदंडाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने ठरतो. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. त्या स्वतःच्या पायाभूत दरावर कर्ज देतात, त्यामुळे रेपो उतरला तरी तुमचा हप्ता तितक्याच लवकर उतरेल याची खात्री नसते. एजंट गृहवित्त कंपनी सुचवत असेल तर दर कशाला जोडलेला आहे हा प्रश्न आधी विचारा.

तोंडी आकड्यांवर विश्वास ठेवू नका, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ते देणं बंधनकारक आहे. त्यात वार्षिक टक्केवारी दर दिलेला असतो. व्याजासोबत प्रोसेसिंग फी, संस्थेमार्फत वसूल होणारा वकील-व्हॅल्युअरचा खर्च, विमा हे सगळं धरून कर्ज नेमकं किती टक्क्यांना पडतं, ते त्यावरून कळतं. हे पत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे मराठीत मागता येतं. विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. आणि त्यात न लिहिलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. दोन संस्थांची पत्रकं शेजारी ठेवून वाचा. मग एजंट कुठली संस्था पुढे करतोय आणि का, हे आपोआप उमजेल.

‘शंभर टक्के कर्ज करून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवावा का?

नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के मिळतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क या किमतीत धरत नाहीत, फक्त १० लाखांपर्यंतच्या घरांना त्यात सवलत आहे.

पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट घेतला तर कर्ज जास्तीत जास्त ४८ लाख. उरले १२ लाख. त्यावर ७ टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क ४ लाख २० हजार आणि नोंदणी ३० हजार. म्हणजे साडेसोळा लाख घरचे लागणार. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ६० हजार वाचतात.

‘शंभर टक्के’ म्हणणारा एकतर उरलेल्या रकमेसाठी महागडं पर्सनल लोन गळ्यात घालणार, नाहीतर करारात किंमत फुगवायला सांगणार. दुसऱ्या मार्गात तुम्ही बँकेची फसवणूक करत असता, आणि सही तुमची असते.

तो एकाच वेळी पाच बँकांत फाइल टाकतो म्हणाला. चालेल का?

चालणार नाही. फाइल लॉगिन झाली, म्हणजे अर्ज दाखल झाला, की प्रत्येक संस्था तुमचा क्रेडिट रिपोर्ट काढते आणि त्याची नोंद राहते. थोड्या दिवसांत अशा नोंदी साठल्या की पुढची बँक शंका घेते. प्रत्येक लॉगिनआधी माझी लेखी संमती हवी, असं त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवा.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर घटत नाही. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तो आधी काढा आणि बंद झालेलं एखादं जुनं कार्ड चालू दिसतंय का ते तपासा. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. ‘सिबिल क्लिअर करून देतो, इतके हजार लागतील’ या जाहिराती मारणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

कुठले कागद एजंटच्या हाती द्यायचे आणि कुठले नाहीत?

झेरॉक्स द्या, प्रत्येकीवर ‘फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी’ असं तारखेसह आडवं लिहून. मूळ करारनामा, इंडेक्स दोन, शेअर सर्टिफिकेट त्याच्याकडे ठेवू नका. ते वाटपाच्या वेळी थेट बँकेत जमा करायचे आणि जमा कागदांची सही-शिक्क्याची यादी घ्यायची. कोऱ्या फॉर्मवर सही नाही, कोरा चेक नाही, नेट बँकिंगचा पासवर्ड नाही, ओटीपी तर मुळीच नाही. त्याने विचारलं म्हणून संकोच वाटत असेल तरी नाही.

उत्पन्न कमी पडतंय. एजंट म्हणतो, ‘स्लिप बसवून देतो.’

तिथेच उठा. बँक पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट आणि आयकराची माहिती एकमेकांशी ताडून बघते, कंपनीत फोन करते. खोटा कागद सापडला तर कर्ज तर जातंच, वर फौजदारी गुन्हा होऊ शकतो आणि त्यात अर्जदार म्हणून नाव तुमचं असतं. सहकर्जदार घेणं, मुदत वाढवणं, लहान कर्ज आधी फेडणं, थोडं स्वस्त घर बघणं, हे सरळ मार्ग आहेत. चांगला एजंट हेच सुचवतो.

विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही, असं सांगतात. खरं?

विमा असावा हे खरं, पण त्यांच्याकडूनच घ्यावा हे खरं नाही. सगळ्या मुदतीचा हप्ता एकरकमी कापून तो कर्जात मिळवला की त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं. साधी टर्म पॉलिसी वेगळी घेतली तर बहुधा स्वस्त पडते आणि कर्ज दुसरीकडे नेलं तरी चालू राहते. नको असलेली पॉलिसी गळ्यात पडलीच, तर ती हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

नोटीस ऑफ इंटिमेशन काय आहे? एजंट त्याचे वेगळे पैसे मागतोय.

महाराष्ट्रात मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं की ३० दिवसांत दुय्यम निबंधकांकडे ही नोटीस द्यावी लागते, आणि ती देण्याची जबाबदारी कर्जदारावर असते. कागद ठेवल्याचा करार रीतसर नोंदवला असेल तर वेगळी नोटीस लागत नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइनही भरता येते. सरकारी शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी असे दोन आकडे वेगवेगळे लिहून मागा. सरकारी शुल्काची पावती तुमच्या नावाने असते, ती घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कर्ज नाकारलं गेलं तर बयाणा बुडतो का?

बुडू शकतो, आणि ही धास्ती रास्त आहे. सँक्शन लेटर बहुतेक वेळा तुमच्या उत्पन्नावर मिळतं, मालमत्तेची लीगल आणि टेक्निकल तपासणी त्यानंतर होते. एजंटने ‘सँक्शन आलं’ म्हटल्यावर लोक विक्रेत्याला मोठी रक्कम देऊन मोकळे होतात, आणि मग शोध अहवालात काहीतरी निघतं. विसार पावतीत एक ओळ घालून घ्या: मालमत्तेच्या कागदांमुळे कर्ज नामंजूर झालं तर विसाराची रक्कम अमुक दिवसांत परत. ही ओळ घालायला एजंटने स्वतः सुचवलं तर समजा, माणूस तुमच्या बाजूचा आहे.

वर्षभराने तोच एजंट ‘ट्रान्सफर करा, व्याज वाचेल’ म्हणतोय.

दुसऱ्या बँकेत कर्ज गेलं की त्याला नवा पेआउट मिळतो, हे आधी लक्षात घ्या. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो, पण नवी प्रोसेसिंग फी, वकील, मुद्रांक खर्च पुन्हा येतो. आधी आपल्याच बँकेत अर्ज करून दर कमी करून मागा. थोड्या फीवर अनेकदा काम होतं.

आम्ही परदेशात आहोत. तिकडच्या ब्रोकरसारखा इथे कुणी मिळेल का?

ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून मॉर्गेज ब्रोकरवर ग्राहकाचं हित आधी पाहण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. ब्रिटनमध्ये वित्तीय नियामकाच्या नोंदवहीत ब्रोकरचं नाव तपासता येतं. इथे तसं काही नाही, म्हणून तिकडच्या भरवशाने इथल्या एजंटकडे जाऊ नका. मुखत्यारपत्र आई-वडील, भाऊ-बहीण अशा जवळच्या माणसालाच द्या, एजंटला कधीच नाही. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, नाहीतर ऐन नोंदणीच्या दिवशी अडतं.

एजंटने फसवलं तर तक्रार कुठे?

आधी बँकेकडे, लेखी. त्याचा डीएसए कोड, व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पैसे दिल्याचा पुरावा जोडा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर अर्ज फुकट करता येतो, माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री नंबर आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जायचं. एजंटकडे कुठलाच कोड नव्हता आणि पैसे त्याच्या खात्यात गेले असतील, तर बँक हात वर करेल. तेव्हा पोलीस ठाणं गाठा, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.